माझ्या नावाचा लघुग्रह

प्रिय चिमे,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. तीन वर्षांत माझ्याकडून चार ओळींची खुशाली नाही आणि आज एकदम हे बाड. आधी बातमी सांगतो. आकाशात एक धोंडा सापडलाय आणि त्याला माझं नाव द्यायचं चाललंय. हसू नकोस.

शोधणारी बाई वेधशाळेत असते, तुझ्या मुलीच्या वयाची. मंगळवारी दुपारी घरी आली. शाळेत असताना म्हणे तिने माझी पहिली कादंबरी इतक्यांदा वाचली की पानं सुटली. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे, त्याच्या पार बाहेरच्या कडेला हा फिरतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिने फोटो टेबलावर ठेवला, राखाडी ठिपक्यांच्या गर्दीत एकावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "हे तुम्ही." चिमे, ते बोट मला आपल्या ताईचं दिसलं.

ताईच्या शेवटच्या वर्षी घरात आम्ही दोघंच होतो. मी छापखान्यात प्रुफं तपासायचो, ती मागच्या खोलीत उशीला टेकून वह्या भरायची. नजर पार गेली तेव्हा तिने त्या माझ्या हवाली केल्या. "कुणाला तरी दाखव रे," म्हणाली. छापायला सुवाच्य प्रत लागते म्हणून मी सगळं माझ्या अक्षरात उतरवलं. मालकांनी वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "छुपा रुस्तम निघालास की! तू लिहिलंस?" जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात चाललेला. माझ्याकडे असं कुणी कधी पाहिलंच नव्हतं. हो म्हणून बसलो.

पुस्तक आलं तेव्हा ताई होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुखपृष्ठ चाचपत तिने विचारलं, "माझं नाव कुठंय? इथे?" तिथे माझं होतं. मी म्हटलं, "हो, तिथेच." ती त्यावरून बोट फिरवत राहिली, फिरवत राहिली. नवव्या दिवशी गेली. तेव्हापासून सही करायला पुस्तक उघडलं की ते बोट माझ्या आधी तिथे असतं. पुढच्या दोन कादंबऱ्या मी स्वतः लिहिल्या. पहिलीची सर नाही, असं लोक म्हणाले. कुठून येणार?

तू मात्र त्या पुस्तकाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाहीस. कौतुक सुरू झालं की उठून स्वयंपाकघरात जायचीस. तुला कळलं होतं, हो ना? मीही विचारलं नाही. झाकली मूठ.

काल त्या बाईला फोन करून सगळं सांगितलं, नाव ताईचं द्या म्हटलं. ती म्हणाली, "नावाचा प्रस्ताव महिनाअखेरीस जायचाय. पण नुसत्या तुमच्या शब्दावर कसं बदलू? आधीचाही शब्द तुमचाच होता." ताईच्या वह्या मी ती गेली त्याच आठवड्यात जाळल्या. पण तुला वसतिगृहावर ताई पत्रं पाठवायची, त्यांत प्रकरणंच्या प्रकरणं असायची. तू ती टाकली नसशील. पाठव. सोबतच्या चिठ्ठीवर त्या बाईचा पत्ता देतोय, थेट तिकडेच पाठव. माझ्याकडे नको, चिमे. पाकीट माझ्या हाती पडलं तर मी काय करीन, याचा मला भरवसा नाही.

तुझाच, अजून म्हणवत असेल तर,
दादा