मांडी न घालणारा पाय

सर, गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला मांडी घालून बसायला बंदी केली. गुडघे झिजलेत म्हणाले. तेव्हापासून मी निगडीच्या घरात टेबलाशी जेवतो आणि रोज तुमची आठवण येते. ती सुखाची नसते. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी मला तुमची भीती वाटते.

चिंचवडला तुमच्या घरामागं पत्र्याची शेड होती, तिच्यात एक जुना लेथ. आम्ही इंजिनिअरिंगचे तिघं रविवारी पुण्याहून सायकली हाणत यायचो. तुम्ही आम्हाला एका माणसाचा पाय करायला लावला होता. महाळुंग्याचा शेतकरी, कारखान्यात नुकताच लागलेला; मशिनच्या पट्ट्यात सापडून त्याचा पाय गुडघ्याच्या वरून गेला. वैशाखात त्याच्या लेकीचं लग्न होतं. भावकीनं बजावलं होतं, अपुऱ्या अंगानं कन्यादान होत नाही, धाकट्या भावाला बसू दे; पाय लावून आलास तर बघू. तो आपल्याला एवढंच म्हणाला, "सायेब, लेकीच्या लग्नात बाप म्हणून उभं ऱ्हायचंय मला." आणि आपण सगळे दीडशहाणे त्यातलं 'उभं राहणं' तेवढं धरून बसलो.

तो आला की उभाच असायचा. तुम्ही दहादा म्हणायचात, "अहो, बसा ना." तो कुबडीवर रेलून हसायचा. "तुमच्याम्होरं कसं बसू? न्हाई, ऱ्हाऊ द्या." मग मापं उभ्यानं घेतली, चाचणीही उभ्यानंच. गुडघा माझ्याकडे होता. इंग्रजी पुस्तकातल्या चित्रावरून मी तो आखला, खुर्चीवर बसण्यापुरता वाकणारा. आणि मी स्वतः मेसमध्ये दोन्ही वेळा पाटावर मांडी घालून जेवत होतो! कातड्याचे पट्टे तुम्ही हातानं शिवलेत. शेडच्या दारापर्यंत तो कुबडीशिवाय चालत गेला, तेव्हा तुम्ही तोंड फिरवून डोळे पुसलेत.

मांडवात तो फेटा बांधून ताठ उभा आहे. भटजी हाक मारतात. बायको पाटावर बसलेली, तो शेजारी टेकायला जातो, आणि पाय दुमडतच नाही. लाकडी पाऊल सरळ जावयाच्या दिशेनं पुढं येतं. तो हातानं ते ओढतो, पुन्हा ओढतो. कुणीतरी हसतं. भावकीतला एक म्हातारा म्हणतो, "ऊठ बाबा. जावयाला पाय दावतोस व्हय?" धाकटा भाऊ वहिनीला उठवून आपल्या बायकोसह पाटावर बसला. लेकीचा बाप मांडवाच्या खांबाला धरून शेवटपर्यंत उभा राहिला.

परतताना चाकणपर्यंत तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. "चूक माझी आहे," तुम्ही म्हणालात. "मी त्याला एकदा जमिनीवर बसवून बघायला हवं होतं." पुढं कितीतरी वर्षं तुम्ही दुमडणाऱ्या गुडघ्याची चित्रं काढत राहिलात. त्यातला एकही गुडघा जमला नाही. विद्यार्थी घेणंही तुम्ही बंद केलंत.

आता सांगतो. पाय द्यायच्या आदल्या रविवारी तुम्ही चहाचं सांगायला घरात गेला होतात. तेवढ्यात त्यानं मला हळूच विचारलं, "दादा, मांडी घालता यील न्हवं? पाटावर बसायचं हाय." मला तिथल्या तिथं कळलं, सर. पण गुडघा पुन्हा करायचा म्हणजे महिना गेला असता, दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल बघायला येणार होते, आणि तो गुडघा माझा होता. मी म्हणालो, "येईल की. सवय झाली की येईल."

पाटावरून उठताना तो माझ्याकडे बघत होता. तुम्हाला त्यानं कधी काही सांगितलं नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी दोनदा हेच सांगायला आलो. दोन्ही वेळा तुम्हीच माझी माफी मागितलीत, 'माझ्यामुळं तुम्हा मुलांना मान खाली घालावी लागली' म्हणालात. आणि मी "असू द्या, सर" म्हणून तुमचे पाय चेपत बसलो.

तुम्ही असतात तर हे पत्र पोस्टात टाकलं असतं, असं स्वतःला बजावत इथवर लिहिलं. खोटं आहे ते. टाकलं नसतं.