सोप्या भाषेतला सारांश

प्रिय बडबडे,

दोन दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मधेच चुरगाळू नकोस.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीत मी काय करते, ते तुला ठाऊक आहे. तुम्ही संशोधक वीस-वीस पानांचे अर्ज देता आणि मी प्रत्येकाचा एका पानाचा सारांश सोप्या भाषेत लिहिते. समितीत एक सदस्य विज्ञानाबाहेरचा असावा, असा नियम आहे, त्यांच्यासाठी. आमचे ते सदस्य म्हणजे टेलरकाका. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेले. माझं पान ओळीवर बोट ठेवून वाचतात आणि मगच सही करतात. तुझ्या अर्जात तू खरं तेच लिहिलं होतंस: सशांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, मोजमापं बिघडू नयेत म्हणून दुसऱ्या दिवसापासून वेदनाशामक बंद, वेदना तीव्र. मीही आधी ‘तीव्र वेदना’च लिहिलं होतं. मग तुझा फोन आला. “अगं, काका घाबरतील. जरा सौम्य लिही ना, बाकीच्यांना कळतंय की सगळं.” अर्धा तास शोधून मी लिहिलं, ‘काही काळ अस्वस्थता’. तू म्हणालीस, “वा, तुला तर बक्षीसच द्यायला हवं!” मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

वसतिगृहात पहिल्या वर्षी माझे सगळे फॉर्म तूच भरून दिलेस. ‘पालकांचं शिक्षण’ या रकान्यापाशी मी अडले, तेव्हा काही न विचारता तू आडवी रेघ मारलीस. ते मी विसरलेले नाही. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. कुठलाही कागद आला की आई-बाबा माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी सांगेन तोच त्याचा अर्थ. बाबांच्या तपासणीचा कागद मी एकदा असाच सौम्य करून वाचला. साधी सूज आहे, असं मीच सांगितलं. बाबांनी आठवड्यात गोळ्या सोडल्या आणि पुढच्या महिन्यात त्यांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. हे मी तुलाही कधी सांगितलं नव्हतं.

परवा समितीची पाहणी होती. तुझ्या सशांच्या खोलीत शिरलो. सात नंबरचा पिंजरा, वरचं कार्ड तुझ्या अक्षरातलं. ससा कोपऱ्यात पाठीची कमान करून, डोळे अर्धे मिटून बसलेला. खाणं तसंच पडलेलं. आणि कटकट असा बारीक आवाज. काकांनी जाळीला कान लावला. “दात का खातोय हो हा?” पशुवैद्य म्हणाले, “दुखतंय, काका. फार दुखलं की ससे असे दातावर दात घासतात. ओरडत नाहीत.” काका जाळीपासून सरळ झाले. मग माझ्याकडे वळले. “बाई, अस्वस्थता मला बसमध्ये खिडकी मिळाली नाही तरी होते. हे ते आहे का?” आम्ही सहा जण होतो, एकालाही हसू आलं नाही. “यावर मी सही केली ना?” एवढंच विचारून ते पुढची खोली न बघता बाहेर गेले.

त्याच दुपारी अध्यक्षबाईंनी मंजुरी थांबवली आणि सगळ्या सशांना वेदनाशामक सुरू झालं. म्हणजे तुझी आठ महिन्यांची मोजमापं गेली. त्याबद्दल तू मला हवं ते बोल, मी ऐकून घेईन.

तो शब्द मी लिहिला, हे मी त्यांना लेखी दिलंय. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. घरी अजून काही बोललेले नाही. पण उद्या अकराच्या बैठकीत त्या विचारणार आहेत, कुणाच्या सांगण्यावरून बदललंस? मी उत्तर तीनदा लिहून पाहिलं. ‘आठवत नाही’ लिहिलं आणि खोडलं. मी तुझं नाव सांगणार आहे. अध्यक्षबाई साडेनऊला येतात, तेव्हा त्यांच्या खोलीत कुणी नसतं. माझ्याआधी त्यांनी हे तुझ्याकडून ऐकावं, एवढ्यासाठी हे पत्र. मी साडेनऊपासून जिन्यापाशी थांबते. आलीस तर दोघी वर जाऊ. नाही आलीस, तर अकराला मी एकटी जाईन.

तुझीच,
शंकेखोर