माझे पाच लाडके दिग्दर्शक

२ फेब्रुवारी, रविवार
ठरलं. नंदनवन भागातल्या आमच्या सोसायटीचा सांस्कृतिक ऱ्हास मी थांबवणार. हॉलमध्ये सध्या फक्त बारशी आणि पाणी-कमिटीची भांडणं होतात. आता सलग पाच रविवार, पाच दिग्दर्शक आणि त्यांना अमर करणारा एकेक सिनेमा. वक्ता: मी. सेक्रेटरी कामिनीताईंनी हॉल दिला, प्रोजेक्टरही दिला. एवढंच विचारलं की सुमंतभाऊ, हे पिक्चर तुम्ही पाहिले आहेत ना? या प्रश्नावरूनच सोसायटीची लेव्हल कळते.

४ फेब्रुवारी
यादी फायनल. पहिले कृष्णकांत वेरुळे, सिनेमा 'दूरची शिदोरी'. दुसरे एक पोलिश गृहस्थ; नावाचा उच्चार बसवतोय. उरलेले तीन सुचतील.
'शिदोरी' आठवीत असताना सक्करदऱ्याकडच्या एका टॉकीजमध्ये पाहिला. त्यानंतर मुद्दाम पाहिला नाही. हिमानी म्हणते, मोबाईलवर आहे, एकदा बघून घ्या. बायकोला कसं समजावणार? थोर कलाकृती आठवायच्या असतात.

९ फेब्रुवारी, दुपारी
सासरे, म्हणजे नानाजी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले ते तीन महिने इथेच आहेत. हयातभर कुठल्याशा टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवला. कुठल्या, ते विचारायचं राहूनच गेलं. चहा घेताना म्हणाले, शिदोरीबद्दल काही लागलं तर सांगा, दोन-अडीचशे वेळा तरी पाहिला असेल. मी नम्रपणे सांगितलं की पाहणं वेगळं आणि आकलन वेगळं. ते हसले. आकलन नसलं की माणूस हसतो.

१३ फेब्रुवारी
हिंगण्याला जाताना कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या सुशीलसमोर तालीम. तो म्हणाला, फार शांत वाटलं. झोपला होता, पण शांत वाटणं हा वेरुळेंचाच परिणाम.
भाषणाचा गाभा: तो कट. नायक गाव सोडतो. आई चुलीपाशी. तो उठतो, आणि पुढच्या क्षणी थेट एसटीत. निरोप नाही, रडारड नाही. एका कटमध्ये अख्खा पुरुषार्थ. या कटवर मी आयुष्य उभारलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, सकाळी निघताना एकदाही 'येतो' म्हणालो नाही. हिमानीला तो विसराळूपणा वाटतो.

१६ फेब्रुवारी, रविवार
सत्तावीस माणसं. कटवर बावीस मिनिटं बोललो. 'येतो' न म्हणण्याचं स्वतःचं उदाहरणही दिलं. मग हिमानीनं मोबाईल जोडून तो सीन लावला.
नायक उठला. एसटी आली नाही. तो आईच्या पाया पडला. बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला. शेजाऱ्यांना भेटला. गोठ्यात जाऊन म्हशीला थोपटलं. अंगणापर्यंत जाऊन परत आला आणि आईला पुन्हा सांगितलं. आई रडली, तो रडला. चार मिनिटं. म्हैस तेवढी शांत होती.
मी खुलासा केला की ही प्रिंट बनावट आहे. तेव्हा मागच्या रांगेतून नानाजी उठले.
"पिक्चर बरोबर आहे, जावईबापू. आमच्या सक्करदऱ्याच्या टॉकीजमध्ये फिल्म मशीनमध्ये अडकली अन् जळली. चार मिनिटं मीच कापली, मंग जोडून देली. मले वाटे कोणाच्या ध्यानातच नाही आलं."
हॉल बराच वेळ हसत होता. नंतर सगळे नानाजींभोवती. हिमानी मात्र हसली नाही. वायर गुंडाळत राहिली.
नोंद: म्हणजे माझं आकलन बरोबरच होतं. फक्त दिग्दर्शक चुकला.

१७ फेब्रुवारी, सकाळी
संशोधनासाठी, केवळ संशोधनासाठी, ती चार मिनिटं पुन्हा पाहिली. तीनदा. डोळ्यांत काहीतरी गेलं. घरात धूळ फार झाली आहे. बूट घालून स्वयंपाकघरापर्यंत परत गेलो आणि हिमानीला "येतो" म्हणालो. तिनं गॅस बारीक केला.
"काहून? बरं वाटत नाही का?"
प्रयोगाला वेळ द्यावा लागेल.

२१ फेब्रुवारी
कामिनीताईंचा फोन. रविवारी नानाजी बोलणार, पिक्चरही तेच निवडणार. पोलिश गृहस्थ रद्द. उच्चार आजच बसला होता. माझ्याकडे प्रस्तावना. म्हणजे मुख्य जबाबदारी अजून माझीच. वीस मिनिटांची तयार आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार
एकसष्ट माणसं. खुर्च्या संपल्या, मी सतरंज्या घातल्या. मग प्रस्तावनेला उभा राहिलो. पहिलं वाक्य जरा लांब होतं. ते संपायच्या आत नानाजी हळूच म्हणाले, "जावईबापू, लाईट बंद करा."
केले. परत जागेवर जायला वाट उरली नव्हती, म्हणून बटणापाशीच उभा राहिलो. तिथून पडदा पूर्ण दिसतो.