काळ्याच्या पंखातली फट

३ नोव्हेंबर

कोंबड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून पहिलं बोलावणं! माझ्याकडे काळे रोझकोंब बँटम, म्हणजे बुटक्या जातीचे कोंबडे, शनिवारी पंधरा तारखेला.

लगेच क्लिफर्डना फोन केला. कोंबडा कसा पाहायचा हे मला त्यांनीच शिकवलं. "अभिनंदन, पोरी. आता प्रदर्शन होईपर्यंत माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही."

का?

"माझा काळ्या तिथे असणार. तुझ्यासाठी तो नुसता एका नंबराचा पिंजरा."

मागून त्यांची बायको मेव्हिस ओरडली, "ए म्हाताऱ्या, आणि तिच्या वाटणीचा केक? तो काय कोंबड्यांना घालू?"

९ नोव्हेंबर

मेव्हिस बाजारात भेटली. क्लिफर्डचा संधिवात फारच वाढलाय म्हणाली. वसंतात सगळे पक्षी वाटून टाकणार. "चाळीस वर्षं मी त्या खुराड्याकडे फिरकले नाही गं. मला ठाऊक फक्त अंडी! आता काळ्याला अंघोळ मीच घालते, बाळांच्या शाम्पूने. वाळवायला बसवलं की डोळे मिटून घेतो लबाड. मग एकेक पीस मी बोटांनी सरळ करते." मग हळूच म्हणाली, "हा एकदा पहिला आला ना, की ते सुखाने पक्षी सोडतील." लगेच तोंडावर हात — "मी काही बोलले नाही हं!"

परीक्षकाचं काम सोडावं का? सोडलं तर क्लिफर्ड म्हणतील, माझ्यावर विश्वास नव्हता की स्वतःवर?

१५ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहिते.

सभागृह थंडगार. माझ्याबरोबर नोंदी करायला बर्नार्ड. शेवटून दुसऱ्या पिंजऱ्यापुढे काठी धरली. आतला कोंबडा चवड्यांवर उंच झाला, छाती पुढे, मान डावीकडे. सायकलची तार दाखवून असं उभं राहायला फक्त क्लिफर्ड शिकवतात. नंबर कसला नि काय! ओळखला मी.

आणि काय कोंबडा! पाठीवर ती हिरवी झाक, कानाशी पांढरीशुभ्र टिकली, तुरा मागे निमुळता होत गेलेला. मनातल्या मनात पहिला केला. ओळखीचा म्हणून तर नाही? परत आधीचे दोन पाहून आले. नाही. हाच.

मग उजवा पंख उघडला. मधे एक फट. वाहतुकीत पीस तुटलं असतं तर खुंट राहिला असता. गळलं असतं तर नवा कोंब दिसला असता. मुळाशी फक्त एक लाल ठिपका, ताजा. कुणीतरी उपटलं होतं.

पांढरं पीस असणार, काळ्या जातीत तो दोष. तसंच ठेवलं असतं तर थोडे गुण गेले असते — तरीही हाच पहिला आला असता! पण उपटलं म्हणजे लबाडी. लबाडी म्हणजे बाद.

"चहा थंड होतोय, बाईसाहेब," बर्नार्ड म्हणाला. "काय लिहू?"

बाद.

तो थांबला. त्यानेही पक्षी ओळखला होता. "कारण?"

मी सांगितलं.

दुपारी चहाच्या टेबलाशी कुणीतरी हसलं, "चाळीस वर्षं कसा जिंकत होता ते आज कळलं!" क्लिफर्ड दाराशी उभे होते. त्यांनी ऐकलं. कप दोन्ही तळहातांत धरून तसेच उभे राहिले. मेव्हिस थंडीमुळे आली नव्हती, तेवढंच बरं.

१६ नोव्हेंबर

फोन केला नाही. आलाही नाही.

१८ नोव्हेंबर

क्लिफर्डचा फोन. "तू बरोबर केलंस. मीच उपटलं."

का? तसंच राहू दिलं असतं तर —

"ठाऊक आहे. मोह झाला. मी सर्वांना तसंच सांगितलंय." मग हळू आवाजात, "मेव्हिससमोर हे काढू नकोस."

फोन ठेवला आणि रडले. रागाने. मला दुसऱ्यांच्या पक्ष्याचं पडलेलं पीससुद्धा उचलू न देणारा माणूस!

पण मग दाराशी दोन्ही तळहातांत धरलेला तो कप आठवतो. काहीतरी जुळत नाही.

२२ नोव्हेंबर

दोघं आली, काळ्याला टोपलीत घेऊन. "हा आता तुझा," क्लिफर्ड म्हणाले. टोपलीची दोरी त्यांना सुटेना. बोटं मिटतच नाहीत. मेव्हिसने सोडली.

"दुसऱ्या कुणाचा कोंबडा सरस निघाला म्हणे!" ती फुरंगटून म्हणाली. "मी याला इतका लखलखीत केला होता! पंखात एक पांढरं पीस होतं, तेवढंसुद्धा मी उपटून टाकलं. यांना सांगितलंही नव्हतं, म्हटलं गंमत करू. खरं सांग गं, दुसरा इतका छान होता?"

क्लिफर्ड माझ्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हटलं. "दुसरा सरस होता."