रुमाल बांधलेलं यंत्र

बाबा, तुम्हाला नमस्कार, आणि आईला एक जास्तीचा.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. कारखान्यात शिरण्याआधी मास्क घट्ट बसवते, आईला सांगा.

इथे दगड घासण्याच्या खात्यात कामगारांच्या नाकातोंडात किती धूळ जाते, ते मी मोजते. कॉलरला छोटं यंत्र लावायचं. ते दिवसभर हवा ओढतं आणि धूळ आतल्या कागदावर बसते. काल कागद जवळजवळ कोराच निघाला. साहेब खूश झाले. पण गणित फार सहज सुटलं की पुन्हा करून बघावं, हे तुम्हीच मला स्वयंपाकघरात बसवून शिकवलंत ना?

म्हणून ज्यांच्या कॉलरला काल यंत्र होतं, त्या घासकाम करणाऱ्या काकांना आज विचारलं. ते म्हणाले, "अगं पोरी, एवढं महागाचं यंत्र धुळीनं खराब झालं असतं! मी त्याच्या तोंडाला माझा धुतलेला रुमाल बांधला होता."

मला हसू आलं, पण मग त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांच्या स्वतःच्या तोंडाला काहीच नव्हतं.

साहेब म्हणतात, "आकडा चांगला आलाय, सही करून टाक. उगाच नसती उठाठेव कशाला?" नोकरी नवी आहे, पण सही केली नाही. उद्या काकांच्या शेजारी दिवसभर उभी राहून पुन्हा मोजणार आहे. आकडा वाईट आला, तर धूळ ओढणारा पंखा साहेबांना बसवावाच लागेल.

तुमचा खोकला कसा आहे? तुम्ही "बरा आहे" म्हणाल, म्हणून या प्रश्नाचं उत्तर आईला लिहू द्या.

तुमची,
धाकटी