हातातला झटका

ता. ३ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

फोनच करणार होते. पण आपण दोघं फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला ठेवून देतो, म्हणून पत्र. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, एवढाच माझा फायदा. प्रेशरची गोळी घेतोस ना? नव्वद किलोच्या माणसाला बारक्या म्हणताना मलाच कसंतरी होतं, पण आता जिभेची सवय जायची नाही.

काम असं आहे. मागच्या अंगणातलं झाड पार वाळलंय आणि स्वयंपाकघराच्या छपरावर कललंय. वाऱ्याचे दिवस तोंडावर आले. बाहेरचा माणूस बोलावते म्हटलं, तर बाबांनी ताट बाजूला सारलं. चाळीस वर्षं लोकांची झाडं पाडणाऱ्याच्या घरचं झाड परक्याने पाडायचं का, असं विचारून दोन दिवस अबोला धरला. शेवटी म्हटलं, मीच पाडते. शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला बाबांची करवतीची मशीन ती काय जड! तर ती चेनसॉ सुरूच होईना. दोरी ओढून ओढून माझा दंड असा भरलाय की इस्त्री उचलवत नाही.

तू घर सोडून गेलास त्या दिवसापासून, चार वर्षं, ती बंदच आहे. तुला त्यातलं कळतं. काय काय बघू ते लिही. तुला विचारतेय हे बाबांना माहीत नाही. तुझं नाव निघालं की ते रेडिओ मोठा करतात.

जिवाला जप. रागावला असलास तरी उत्तर धाड.

तुझी,
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं प्रेशर ठीक आहे, लिफ्टमध्ये अडकलेल्यांचं वाढतं. दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्या माणसांना बाहेरून धीर द्यायचा, याचा मला पगार मिळतो. काल एक साहेब आतूनच मला नोकरीवरून काढत होते. त्यांचं पुरतं काढून होईपर्यंत मी पाना खाली ठेवला होता.

आता मशीन. मी सांगतो त्या क्रमाने कर, स्वतःची अक्कल मध्ये आणू नकोस. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाक, त्यात आता काही राम राहिला नसेल. नवीन भर, पण ऑईल मिसळून. नाहीतर इंजिन जाम होईल आणि खापर माझ्यावर फुटेल. एअर फिल्टर साबणाने धू, नीट वाळव. प्लग काढून बघ. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, पुसून उन्हात ठेव. मग प्लग त्याच्या टोपीत घाल, त्याचं लोखंड इंजिनला टेकव आणि दोरी ओढ. निळी ठिणगी पडते का बघ. पेट्रोलचा डबा लांब ठेवून; तुला हेही सांगावं लागतं.

एक सहज विचारतो. बंदच आहे म्हणजे मधे एकदाही सुरू झाली नाही? मला वाटत होतं, बाबांनी ती दुसऱ्याच दिवशी सुरू केली असेल आणि काम पुढे वयामुळे सोडलं असेल. नीट आठवून लिही.

माया आहे ती आटू देऊ नकोस.

बारक्या

ता. १६ मार्च

चि. बारक्यास,
अ. आ.

तुझ्या क्रमानेच सगळं केलं. जेवणाचं टेबल सध्या गॅरेज आहे. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला पेट्रोलचा वास लागला, तो दोनदा धुऊन दिला आणि वर तिचं ऐकून घेतलं. फिल्टर धुतला. प्लग ओला होता, पुसला, वाळवला. ठिणगी नाही. निळी नाही, पिवळी नाही, कुठलीच नाही. झाड मात्र कामाला लागलंय. आठ दिवसांत आणखी वीतभर खाली आलं.

तू विचारलंस म्हणून सांगते. एकदाही नाही. तू गेल्यावर बाबा रोज सकाळी अंगणात जाऊन दोरी ओढायचे. दोन महिने. नवा प्लग घातला, मग आणखी नवा. कुणाला तरी दाखवा म्हटलं, तर म्हणाले की मशीनला काहीही झालेलं नाही. दोरी हळू ओढली की ठिणगी पडत नाही, आणि माझ्या हातात आता तो झटका राहिला नाही. हे पोराला माझ्याआधी कळलं, हे त्यांचे शब्द. मग एके दिवशी मशीन पुसून, गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली सरकवली. तेव्हापासून बरणीचं झाकणसुद्धा माझ्याकडे उघडायला देतात. परवा मी ओढत होते तर खिडकीतून म्हणाले, तुझ्याही हातात नाही.

तू त्यांना त्या दिवशी नक्की काय बोललास रे?

वाट बघते.

ताई

ता. २२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

आज विनोद सुचत नाही, चालवून घे.

मशीनच्या उजव्या बाजूला छोटं बटण आहे. वर पांढरा ठिपका, खाली लाल, बाबांनीच रंगवलेले. पांढरा म्हणजे चालू. तू तिकडेच ठेवून ओढत असशील. लालकडे कर आणि ओढ. सुरू होईल.

बटण मी उलटं बसवलंय. त्या सकाळी मोठं झाड पाडायचं होतं. चाळिशी उलटली तरी मी फांद्याच गोळा करायचो. खोडाला करवत लावायला बाबांनी मला कधी दिलीच नाही. वाटलं, आज एकदा त्यांच्या हातून सुरू होऊ नये, म्हणजे झक मारत मला हाक मारतील. नट सैल केला, बटण अर्धा फेरा फिरवलं, म्हणजे पांढऱ्याकडे बंद आलं, आणि नट आवळला. दोन मिनिटं लागली. बाबांनी वीसेक वेळा ओढली. मग मी सगळ्या मजुरांसमोर म्हणालो की मशीन ठणठणीत आहे, झटका तुमच्या हातात राहिला नाही, आता द्या इकडे. दिली नाही त्यांनी. खाली ठेवली आणि चालत घरी निघून गेले.

संध्याकाळी सांगून टाकणार होतो. संध्याकाळी भांडण झालं आणि मी बॅग उचलली. वाटलं, इतका जुना जाणता माणूस, उद्या बटण बघेल आणि मला चार शिव्या हासडेल. चार वर्षं त्या शिव्यांची वाट बघत बसलो, ताई. त्या येत नाहीत म्हणून उलटा मीच रुसलो.

बाबांना तू सांग. तुझ्या तोंडून त्यांना कमी लागेल.

बारक्या

ता. ३० मार्च

चि. बारक्यास,

बटण आधी सरळ बसवून घेतलं, मगच दोरी ओढली. दुसऱ्याच झटक्याला सुरू झाली. आवाज ऐकून बाबा अनवाणी अंगणात आले. काय झालं होतं म्हणून विचारलं. प्लगमध्ये काहीतरी होतं, असं मी ठोकून दिलं. त्यांनी मला मशीन बंद करायला लावली आणि बाजूला सारलं. मशीनवर पाय रोवला, दोरी धरली. त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. नको, नव्हतास तेच बरं.

तीनदा ओढली. चौथ्यांदा दोरी अर्ध्यातून सुटली आणि ते खांदा धरून पायरीवर बसले. चार वर्षं त्या हाताने काही केलेलंच नाही, बारक्या. तू तेव्हा खोटं बोललास, ते आता खरं झालंय.

मी सांगणार नाही. लहानपणी काच तू फोडलीस, शेजाऱ्यांची सायकल तू वाकवलीस, आणि मार मी खाल्ला. हे माझ्याच्याने अंगावर घेववत नाही. त्यांना तूच लिही.

ताई

ता. १४ एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझं सात पानी पत्र मिळालं. दोन पानांत मावलं असतं.

झाड पडलं. तुझ्या ताईने पाडलं. मी खुर्ची टाकून बसलो होतो. दोर कुठे बांधायचा, खाच कुठल्या बाजूने घ्यायची, पडायला लागलं की कुठे पळायचं, एवढं सांगितलं. छप्पर शाबूत आहे. तिला दोन तासांत करू दिलं ते तुला वीस वर्षं करू दिलं नाही. तुझ्या अंगावर खोड येईल याची मला धास्ती होती. तसं सांगायला हवं होतं. तुला येत नाही, असंच सांगत राहिलो.

बटणाचं म्हणशील, तर त्या दोन महिन्यांत मी मशीन साठ वेळा तरी उघडली. प्लग बघितला, फिल्टर बघितला. बटणाकडे बघितलं नाही. त्या वर्षी खांदा दुखू लागला होता, कुणाला बोललो नव्हतो. तू म्हणालास ते माझ्या मनात आधीच होतं. म्हणून पुढे शोधलंच नाही.

माफ केलं असं लिहायला बसलो होतो. ते अजून जमत नाही.

यायचं तर ये, पण आधी कळव. सकाळी मी दोरी ओढून बघत असतो. ते कुणी बघितलेलं मला आवडत नाही.

बाबा