शत्रूच्या गोटात एक मत

२८ डिसेंबर, रविवार
ठरलं. या वर्षी नुसतं ओरडायचं नाही, कृती करायची. सकाळी टीव्हीवर वॉशिंग्टनचे साहेब पुन्हा सांगत होते की आयातकर परदेशी लोक भरतात. मग आमच्या केंटकीत पत्र्याचे भाव कोणी वाढवले, माझ्या कोंबड्यांनी? कॅनडानं आमची बर्बन व्हिस्की दुकानांतून उचलून बाहेर ठेवली, पिपांच्या कारखान्यानं माझ्या भाच्याला घरी बसवलं, आणि तिकडे हा माणूस नाचघर बांधतोय! टीव्हीशी पाऊण तास भांडलो. लोरीन म्हणाली, त्याला ऐकू येत नाही, बीन्स करपताहेत तेवढे बघ. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईला राजकारण म्हणून कळलं नाही.
संकल्प : खासदार रँडल फ्युगेटला घरी बसवणे. शिवाय रक्तदाब.

३० डिसेंबर
योजना सुचली. दाढी करताना सुचली, त्यामुळे अर्धीच झाली.
फ्युगेट म्हणजे साहेबांचं पायपुसणं. गरिबांच्या औषधपाण्याचे पैसे कापायच्या वेळी यानं सगळ्यात आधी हात वर केला. तेव्हापासून इकडे तोंड दाखवलेलं नाही. सभा घेतो ती फोनवरून. प्रश्न विचारायचा असेल तर तीन दाबा. मी तीन दाबलं. गाणं लागलं.
नोव्हेंबरात त्याला पाडणं आम्हा डेमोक्रॅटांच्या बापाला जमणार नाही. आमचे पुढारी कडक शब्दांत निषेध करतात आणि खाली देणगी मागतात. पण फ्युगेटच्याच रिपब्लिकन पक्षात, मे महिन्याच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, त्याच्याविरुद्ध कर्टिस बोग्ज नावाचा एक येडा उभा राहतोय. ढग सरकार बनवतं आणि पोस्टमन हेर असतात, असं त्याचं म्हणणं. त्या प्रायमरीत बोग्जला निवडून आणायचा. मग नोव्हेंबरात कुठलाही शहाणा माणूस आमच्याच माणसाला मत देईल. फ्युगेट मे महिन्यात खलास, बोग्ज नोव्हेंबरात खलास.
अडचण एकच. आपल्या राज्यात ज्याची नोंद ज्या पक्षात, त्यानं त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं. आणि नोंद बदलायची तर ३१ डिसेंबरपर्यंत. तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, मला नियम तोंडपाठ आहेत. उद्या कोर्टहाउसमध्ये जाऊन रिपब्लिकन होणार. नावापुरता.

३१ डिसेंबर, दुपारी
डायनरमध्ये नाश्त्याच्या टेबलावर योजना मांडली. सहाजण होते. चौघांनी बिस्किटं-ग्रेव्हीत डोकं घातलं ते वर काढलंच नाही. हॅस्केल मात्र एका झटक्यात तयार झाला. (बायको वारल्यापासून तो कशालाही तयार असतो, पण ते सोडा.) दोघं मिळून गेलो आणि सही करून आलो. माझे आजोबा खाणकामगार, युनियनचे पुढारी. कोर्टहाउसच्या पायऱ्या उतरताना ते थडग्यात कूस बदलताहेत असं वाटलं. नंतर वाटलं, डावपेच त्यांनाही कळले असते.
चळवळ सुरू झाली. सभासद दोन.

८ जानेवारी, गुरुवार
लोरीननं काउंटी बोर्डाच्या निवडणुकीला अर्ज भरला. मला न विचारता!
तिचं कारण हे. गावातलं हॉस्पिटल पैसे आटल्यामुळे सप्टेंबरात बंद झालं. (फ्युगेट! तुझा हात!) आता बोर्ड म्हणतंय, आपल्या डोंगरावरचं ॲम्ब्युलन्सचं ठाणंही बंद करू, गाडी खालच्या गावातून येईल. खालच्या गावातून म्हणजे चाळीस मिनिटं, आणि ओढ्याला पाणी नसेल तर. लोरीननं त्या गाडीवर बावीस वर्षं नर्स म्हणून काढली. ती म्हणाली, दोन वर्षांपूर्वी तू कोंबड्यांच्या खुराड्यापाशी छाती धरून पडलास तेव्हा गाडी आठ मिनिटांत आली म्हणून आज टीव्हीवर ओरडायला आहेस.
तिच्याविरुद्ध डॉइल स्पर्लॉक, डंपरवाला. त्याला ठाण्याची जागा गाड्या लावायला हवीय. दोघंही डेमोक्रॅट. रिपब्लिकनांकडून कोणीच उभं नाही, म्हणजे मे महिन्याची प्रायमरी जिंकली की खुर्ची मिळाली.
तिनं विचारलं, तुझं मत मला ना? मी म्हणालो, हा काय प्रश्न झाला?
मग लक्षात आलं. डेमोक्रॅट प्रायमरी. मी रिपब्लिकन. मुदत गेली आठवड्यापूर्वी.

११ जानेवारी
शांतपणे विचार केला. एका मतानं काय होतंय? लोरीनला या डोंगरावर कोण ओळखत नाही? निम्म्या लोकांना तिनं गाडीत घालून नेलंय. शेकड्यानं जिंकेल. राष्ट्र मोठं की काउंटी? शिवाय खरं सांगून तिचं मन कशाला दुखवायचं? योग्य वेळ बघून सांगीन.

३ फेब्रुवारी
पत्रपेटीत फ्युगेटचं पत्र. ‘प्रिय देशभक्त एल्डन, साहेबांना तुमची गरज आहे.’ सोबत साहेबांचा हसरा फोटो आणि देणगीचं पाकीट. अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या मागोमाग बोग्जचं : ‘एल्डन, ते आपल्याला बघताहेत.’ दोन्ही खुराड्यात पेंढ्याखाली लपवली. लोरीनला म्हणालो, आजपासून अंडी मी गोळा करीन. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुकानं.

२० मार्च
लोरीन रोज संध्याकाळी दारोदार जाते. मला बरोबर ये म्हणाली. म्हणाली, निम्मा डोंगर तुझ्या हाताखाली शिकलाय, तू नुसता अंगणात उभा राहिलास तरी दारं उघडतील. मी म्हणालो, गुडघा. (खरं म्हणजे कोणाच्या दारात उभं राहून ‘माझ्या बायकोला मत द्या’ म्हणायला जीभ रेटेना. आणि कामं का थोडी आहेत?) वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, साहेबांच्या आयातकरावर, चौदाशे शब्द. संपादकांनी दोनशे मागितलेत. आजकाल कोणालाच खोली नको असते.

१२ एप्रिल
अग्निशमन केंद्रात लोरीनच्या मदतीसाठी बीन्स आणि कॉर्नब्रेडचं जेवण. गर्दी चांगली होती. मी टेबलाटेबलावर जाऊन लोकांना जागं केलं : तोंडाला फडकी बांधून कामगारांना उचलून नेणारं हे सरकार, साहेबांपुढे लोटांगण घालणारे खासदार, वगैरे. दोन टेबलं लवकर उठली. परतताना लोरीन गाडीत म्हणाली, त्या दोन टेबलांवर साहेबांना मत दिलेले डेमोक्रॅट होते, एल्डन, आणि ते मला मत देणार होते. मी म्हणालो, सत्य कडूच लागतं. ती म्हणाली, मग तू सत्य बोलतोस तर. आणि पुन्हा विचारलं, तुझं मत मला ना? मी रस्त्याकडे बोट दाखवून म्हणालो, हरीण! हरीण नव्हतं.

२ मे, डर्बीचा दिवस
मी निवडलेला घोडा शेवटून दुसरा आला. शकुन-बिकुन मी मानत नाही. बोग्ज मात्र जोरात आहे. डायनरमध्ये ऐकलं, फ्युगेट घाबरून पोस्टमनबद्दल वाईट बोलायला लागलाय. माझी योजना सफल होणार. हे मी सुरू केलं, पण श्रेय घेणार नाही.

१९ मे, मंगळवार
मतदान. गर्दी नसेल म्हणून सकाळी सहालाच गेलो. सगळ्यांनी तोच विचार केला होता. टेबलावर नेमकी वांडा, लोरीनची चुलतबहीण. तिनं यंत्रात माझं नाव टाकलं आणि अख्ख्या अग्निशमन केंद्राला ऐकू जाईल अशी म्हणाली, अरे एल्डन, हे तुला रिपब्लिकन मतपत्रिका देतंय, यंत्र बिघडलं का तू? मी म्हणालो, नंतर सांगतो. मागे रांगेत हॅस्केल उभा होता, तो बुटांकडे बघायला लागला.
बोग्जच्या नावापुढचा गोल भरला.  
दारात लोरीन सगळ्यांशी हात मिळवत होती. तिसऱ्यांदा विचारलं, दिलंस मत? मी म्हणालो, दिलं. हे खोटं नाही.

२० मे
बोग्ज जिंकला! फ्युगेट घरी! सात वर्षं साहेबांचे बूट चाटले आणि शेवटी काय मिळालं? डायनरमध्ये मी सगळ्यांच्या कॉफीचे पैसे भरले.
लोरीन आणि स्पर्लॉक यांना सारखी मतं पडली. अगदी सारखी. फेरमोजणी होईल. यंत्राची चूक असणार.

२८ मे
यंत्राची चूक नव्हती.

२९ मे, शुक्रवार
मतं सारखी पडली तर चिठ्ठी किंवा नाणं, असा कायदा आहे. हाही धडा मी तीस वर्षं शिकवला, मुलं नेहमी हसायची. आज कोणी हसलं नाही. शेरीफनं नाणं उडवलं. लोरीननं छापा मागितला.
काटा पडला.
स्पर्लॉकनं हॅट काढून तिच्याशी हात मिळवला. माणूस बरा आहे, तेच जास्त लागलं. घरी येताना मला रडू येत होतं, पण गाडी मी चालवत होतो.

३१ मे, रविवार
आज आम्ही घरचे सगळे दरवर्षीसारखे डोंगरमाथ्यावरच्या दफनभूमीत, थडग्यांना फुलं वाहायला. आजोबांच्या दगडापाशी लोरीन कागदी फुलं रोवत होती. मी म्हटलं, आता सांगून टाकावं. आजोबांच्या साक्षीनं सगळं सांगितलं : देशहित, बोग्ज, मुदत, वगैरे.
ती म्हणाली, मला जानेवारीपासून माहीत आहे. मत मागायला पहिलं दार हॅस्केलचं ठोठावलं होतं, तो बिचारा दारातच रडायला लागला. आणि बायकांनी अंडी गोळा करणं सोडलं म्हणून कोंबड्यांखालची पत्रं दिसायची राहतात का?
मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, तारीख गेली होती, बोलून मत परत येणार नव्हतं. मला तुझं मत नको होतं, एल्डन. मला तू हवा होतास, माझ्याबरोबर, लोकांच्या दारात. तुझा एक विद्यार्थी जरी वळला असता तरी पुरे होतं. मी पुन्हा विचारलं ते यासाठी, की तू सांगशील आणि मग लाजेनं का होईना बरोबर येशील. तू हरीण दाखवलंस.
 पुढे म्हणाली, फुलं इकडे दे.

९ जून, मंगळवार
नवा माणूस जानेवारीत बसायचा, पण निकाल बघून बोर्डानं आत्ताच ठाणं बंद केलं. एका मतानं. उद्यापासून गाडी खालच्या गावातून.
नोव्हेंबरचा अंदाज आला. बोग्ज फ्युगेटपेक्षाही मोठ्या फरकानं पुढे आहे. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, ‘ढगांबद्दल लोक बोलताहेत’ म्हणाले. आमच्या पुढाऱ्यांनी कडक शब्दांत निषेध केला. खाली देणगी.

१३ जून, शनिवार
सकाळी बाहेर आलो तर अंगणात भलीमोठी लाल पाटी : ‘हे घर बोग्जचं.’ त्याच्या माणसांनी पक्षाच्या नोंदयादीवरून रोवलेली. मी फावडं आणायला धावलो. अख्खा रस्ता बघत होता. हॅस्केल गाडी हळू करून गेला.
लोरीन पायरीवर कॉफी घेऊन बसली होती. म्हणाली, राहू दे ती. या घरातनं कोणीतरी निवडून आलंय.
फावडं परत ठेवलं. दुपारी गवत कापलं. पाटीच्या कडेनं जपून कापलं. छातीत जरा दुखल्यासारखं झालं, मग सावलीत बसलो आणि चाळीस मिनिटं घड्याळ बघत राहिलो. काही नव्हतं. गॅस होता.